करपट की खरपूस

दुसऱ्या मजल्यावरच्या जीभमावशींनी म्हातारपणी बाटली धरली, ही बातमी गल्लीत सकाळी फुटली आणि दुपारपर्यंत तिला चांगले हातपायही फुटले. सकाळी ती एक बाटली होती. इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी पोचेपर्यंत तिचं खोकं झालं. तळमजल्यावरच्या शिवणवहिनींच्या दारात आल्यावर तर मावशी भर दुपारी भिंतीकडे तोंड करून पितात आणि त्यांचे यजमान, म्हणजे आपले भट्टीकाका, मागे बसून "बोल ना गं, काहीतरी बोल" अशा विनवण्या करतात, इथपर्यंत मजल गेली. विनवण्या वहिनींनी स्वतःच्या कानांनी ऐकल्या होत्या. वहिनींचे कान शिवणयंत्राच्या खडखडाटातही दोन मजले चढून जातात. ब्लाउजचं माप चुकतं तो भाग वेगळा.

"भिंतीकडे तोंड करून?" इस्त्रीवाला म्हणाला. "लाज वाटत असेल."

"लाज कसली डोंबलाची. नवऱ्याला वाटा द्यायला नको म्हणून," वहिनी म्हणाल्या.

तर हे आधी निस्तरून टाकू. बाटल्या दोनच होत्या. त्या मावशींनी आणल्या नव्हत्या, त्यांच्या भाचीने आणल्या होत्या. आणि दोन्ही मिळून मावशींनी जेवढं पोटात घातलं, तेवढ्यात एखादं मांजर नुसतं मिशा पुसून उठलं असतं. भिंतीकडे तोंड होतं हे मात्र खरं. काका विनवत होते हेही खरं. पण त्याचं कारण बाटलीच्या बरंच आधीचं आहे. गल्लीच्या तोंडाशी आता मोबाइल दुरुस्त करणारा बसतो ना, तिथे पूर्वी यांचं कॉफी भाजण्याचं दुकान होतं, तेव्हाचं.

ज्यांनी ते दुकान पाहिलं नाही त्यांना काय सांगणार. पत्र्याचं शटर अर्धं वर, आत धुराने तपकिरी झालेलं छत, आणि मधोमध बिया भाजण्याचं फिरतं लोखंडी पिंप. पिंप फिरायला लागलं की बिया आधी सळसळायच्या, मग तडतडायच्या, आणि तडतड सुरू झाली की पाचव्या मिनिटाला सगळ्या गल्लीला जाग यायची. गजराची घड्याळं आमच्याकडे शोभेला होती. दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांना तो वास, पोरांच्या दप्तरांना तो वास, पोस्टमन पत्र देऊन गेला की पाकिटालाही तोच. मावशींच्या केसांत तर तो असा मुरला होता, की एका लग्नाच्या मेजवानीत शेजारच्या खुर्चीवरच्या बाईंनी वेटरला बोलावून "अहो, इथे कोणीतरी कॉफी सांडलीये, पुसून घ्या" म्हणून सांगितलं. वेटर खाली वाकून शोधत राहिला. मावशी हूं की चूं न करता जेवत राहिल्या.

त्या दुकानात कामाची वाटणी सरळ होती. भाजायचं काकांनी, सांगायचं मावशींनी. काका पिंपात लांब दांड्याचा चमचा घालून मूठभर बिया काढायचे, वाऱ्यावर निववायचे आणि मावशींच्या हातावर ठेवायचे. मावशी त्यातली एक उचलायच्या, स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करायच्या आणि चावायच्या. दुकानात कोणी का असेना, चाखताना पाठ सगळ्यांना. याचं कारण कोणी विचारलं तर म्हणायच्या, "यांचा चेहरा बघितला की मला दया येते. आणि दया आली की जीभ खोटं बोलते."

चावून झालं की गिळायचं आणि थांबायचं. या थांबण्यातच सगळी मेख. मग स्टूल फिरवून एकच शब्द. शब्द चारच होते: कच्चट, बदामी, खरपूस आणि करपट. पहिले तिघे गोण्यांत जायचे, शेवटचा उकिरड्यावर. आणि खरपूस कुठे संपतं, करपट कुठे सुरू होतं, हे मावशींनी भाचीला ती गोण्यांवर लोळण्याच्या वयाची होती तेव्हाच समजावलं होतं. "दोन्ही कडूच गं. पण करपट घशात ठाण मांडून बसतं, पाणी प्यायलं तरी हलत नाही. खरपूस येतं, दार वाजवतं, आत काहीतरी गोड ठेवतं आणि निघून जातं."

जीभमावशी हे नाव तिथूनच पडलं. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना वाटतं ते त्यांच्या तोंडाळपणावरून पडलं, आणि तेही काही अगदीच चुकीचं नाही.

आता ती गोष्ट. स्टेशनजवळच्या मोठ्या हॉटेलचा खरेदीवाला एकदा दुकानात आला. नेहमीचा माल बघायला आला होता, पण काकांच्या डोक्यात काही दिवसांपासून वेगळाच किडा वळवळत होता. बिया अजून पुढे न्यायच्या. बदामीच्या पुढे, खरपूसच्याही पार टोकाला, जिथे त्या काळ्याभोर होतात आणि अंगावर तेल सुटून चकाकतात. त्या दिवशी त्यांनी नेल्या. पिंपाचं झाकण उघडलं तर धुराचा असा लोट आला की काकांची डावी भुवई होरपळली. बिया निवल्या, मावशींच्या हातावर गेल्या, मावशींनी स्टूल फिरवलं. इकडे काकांनी त्यातल्याच मूठभर बियांची आधीच दळून केलेली कॉफी कपात ओतून हॉटेलवाल्याच्या हातात दिली. त्याने वास घेतला आणि त्याच्या मिशीखाली हसू यायला लागलं. ते बघून काकांना काही धीर धरवला नाही.

"बघा साहेब," ते म्हणाले, "कसली खरपूस उतरलीये."

मावशींच्या तोंडात बी तशीच होती. दुकान उघडल्यापासून तो शब्द मावशींच्या आधी कोणी उच्चारला नव्हता. त्यांनी स्टूल गर्रकन फिरवलं.

"करपट आहे," त्या म्हणाल्या.

हॉटेलवाल्याचा कप ओठापाशी पोचला होता, तो तसाच खाली आला. "बाई म्हणतात तर असेल," म्हणून तो उठला. मग मालही गेला, हॉटेलही गेलं. दुकान त्यानंतर बरीच वर्षं चाललं, पण लंगडत चाललं. पुढे शहरात काचेची मोठमोठी दुकानं निघाली आणि तिथे लोक तस्सलीच काळी, चकाकती कॉफी रांगा लावून प्यायला लागले. त्या काचांवरून जाताना काका मान फिरवायचे आणि मावशी पिशवीत काहीतरी शोधायच्या. शेवटी पिंप भंगारात गेलं आणि शटर खाली आलं.

काकांनी यावरून कधी आवाज चढवला नाही. चढवला असता तर परवडलं असतं, असं मावशींचं मत. त्यांनी काय केलं, तर रोज सकाळी पाव भाजला की त्याचा तुकडा बोटांत धरून अगदी गरीब चेहऱ्याने विचारायचं, "काय म्हणतेस? करपट की खरपूस?" दूध उतू जाऊन शेगडीवर काळं पडलं, "करपट की खरपूस?" इस्त्रीवाल्याने सदरा जाळून आणला तर त्याच्या तोंडावर, "थांब, हिला विचारू दे, करपट आहे की खरपूस." मावशी उत्तर द्यायच्या नाहीत. कारण खरं उत्तर त्यांनाच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी त्यांची जीभ बोलली होती की त्यांचा राग बोलला होता, हे त्यांनी स्वतःला शंभरदा विचारून पाहिलं होतं. तोंडात बी होती, गिळून थांबायच्या आधीच स्टूल फिरलं होतं. आणि तो वास पुन्हा कधी समोर आला नाही, की पडताळून बघावं. काचेच्या दुकानात जाऊन विकत पिता आली असती म्हणा. पण तिथे पाऊल टाकण्यापेक्षा त्या उपाशी राहिल्या असत्या.

मग मागच्या थंडीत काकांना ताप आला. ताप उतरला, पण जाताना नाक घेऊन गेला. वास म्हणून काही येईना. कांदा कळेना, साबण कळेना, शेगडीवर काही जळत असलं तरी बसल्या जागी पेपर वाचत राहायचे. "माझं नाक गेलं," म्हणून ते सगळ्यांना सांगत फिरायचे, आणि मावशी म्हणायच्या, "बरं झालं, फार वर होतं." पण जेवायला बसलं की त्यांची गंमत संपायची. फॉर्म भरावा तसे जेवायचे. गोड, खारट, कडू एवढंच जिभेला उरलेलं.

तेव्हापासून मावशी त्यांना जेवण सांगतात. हे गल्लीत फार थोड्या लोकांना माहीत आहे. ताट वाढायचं, पहिला घास स्वतः घ्यायचा आणि बोलत राहायचं. "आज कांदा जरा जास्त परतला गेलाय, गोडसर लागतोय. मिरं आत्ता नाही, मागून येतंय. पाव कालचा आहे, पण भाजल्यावर वास ताजा झालाय." काका मान डोलावतात आणि चावतात, आणि मावशी म्हणतात त्या जागी ते मिरं त्यांना सापडतंही. या सांगण्यात मावशी कधी भर घालत नाहीत. भाजी बेचव झाली तर बेचव झाली म्हणतात. काकांचा सगळा भरवसा त्यावरच.

तर भाची आली. बाहेरदेशीच्या बिअरच्या बाटल्या मागवून दुकानांना पुरवणाऱ्या कंपनीत ती कामाला आहे. खांद्याच्या पिशवीतून तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन बाटल्या काढून स्वयंपाकघराच्या टेबलावर ठेवल्या.

"मावशी, मला चार ओळी हव्यात. बाटलीच्या गळ्यात कार्ड अडकवायचंय, चव कशी आहे ते मराठीत सांगणारं."

"मग लिही की. शिकलीस कशाला एवढी?"

"लिहिणारा कॉम्प्युटर आहे आमच्याकडे. त्याने काय लिहिलंय ऐक." भाचीने फोन समोर धरून वाचलं. "जळालेले धान्य, काळी साखर आणि जुन्या चामड्याचा सुखद शेवट."

"चामड्याचा?" काका पेपर खाली करून म्हणाले. "म्हणजे पिऊन झाल्यावर चप्पल चाटायची?"

"म्हणून तर आले मी काका. कोण घेईल असली बाटली?"

"मी कधी दारू प्यायले नाही," मावशी म्हणाल्या.

"प्यायची कुठेय, चाखायचीये. कॉफी तरी तू कधी प्यायलीस? चावायचीस नुसती."

हे मात्र मावशींना नाकारता येईना. त्यांनी स्टीलचा पेला काढला. भाची म्हणाली, काचेचा हवा, रंग दिसला पाहिजे. मग पाहुण्यांसाठी ठेवलेले काचेचे ग्लास निघाले, धुतले गेले, पुसले गेले. भाचीने फोन बरणीला टेकवून उभा केला, मावशींचं बोलणं टिपून घ्यायला.

पहिली बाटली लवकर आटपली. मावशींनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "खोकल्याचं औषध. तेही लहान मुलांचं."

"मावशी, हे कार्डावर कसं लिहू?"

"नको लिहूस. विचारलंस म्हणून सांगितलं."

दुसरी बाटली उघडली. भाचीने ग्लास तिरका धरून ओतली. बिअर काळी, अगदी शाईसारखी, आणि वर फेस मात्र बदामी. मावशींनी ग्लास उचलला, नाकापर्यंत आणला, आणि हात तिथेच थांबला.

"काय झालं?" काकांनी विचारलं. त्यांनी वाकून ग्लासात नाक घातलं. फेस नाकाला लागला. "मला काही नाही येत. काचेचा वास यायला हरकत नव्हती, तोही नाही."

 मावशींनी खुर्ची उचलली, फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. समोर पाण्याचं फिल्टर आणि खिळ्याला अडकवलेला हात पुसायचा पंचा. पण मावशींना ते दिसत नव्हतं. त्यांना धुराने तपकिरी झालेली दुकानाची भिंत दिसत होती आणि मागून पिंपाचं झाकण उघडल्याचा खण्ण आवाज येत होता. तोच वास. धुराच्या मागून येणारा, ज्याला नाव द्यायच्या आधीच त्यांनी नाव देऊन टाकलं होतं.

त्यांनी घोट घेतला.

आता नीट पाहा, काय होतं त्या बाईच्या हातात. "करपट" म्हटलं असतं तर कोणाचं काय बिघडलं असतं? भाचीने दुसऱ्या कोणाकडून चार ओळी लिहून घेतल्या असत्या. काकांना पडताळायला नाक नव्हतं. जन्मभराचा खटला एका शब्दात मावशींच्या बाजूने सुटला असता, वर अपील नाही. आणि "खरपूस" म्हटलं, तर त्या दिवशी काका बरोबर होते. हॉटेल गेलं, मागून दुकान गेलं, ते मावशींच्या शब्दापायी गेलं. हे आज स्वतःच्या तोंडाने कबूल करायचं, तेही रोज पावाचा तुकडा नाचवणाऱ्या माणसासमोर.

मावशींनी गिळलं आणि थांबल्या. कडू आलं. चांगलं जोरात आलं, जव भाजून काळा केल्याचं कडू. मावशी त्याला मनात म्हणाल्या, बस की मेल्या, बस घशात. ते बसलं नाही. त्याने दार वाजवलं, जिभेच्या मागे जळत्या साखरेसारखं काहीतरी ठेवलं आणि गेलं. मावशींनी दुसरा घोट घेतला, न जाणो पहिल्या वेळी चुकलं असेल. दुसराही तसाच, हातावर गोड ठेवून चालता झाला.

मागे काकांची खुर्ची करकरली. "बोल ना गं. काहीतरी बोल." खाली शिवणवहिनींच्या यंत्राचा आवाज नेमका तेव्हाच थांबला होता. "करपट ना? म्हणून टाक. इथे कुठे हॉटेलवाला बसलाय."

"खरपूस," मावशी भिंतीला म्हणाल्या.

 फेस विरत होता, फ्रिज गुणगुणत होता. मावशींनी खुर्ची फिरवली. काका हसत असतील अशी त्यांची खात्री होती. काका हसत नव्हते. त्यांनी ग्लास स्वतःकडे ओढून एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"मला नुसतं कडू लागतंय. कसं आहे? सांग."

मावशींनी सांगितलं. जेवताना सांगतात तसंच, भर न घालता. आधी धूर आहे, पण कोरडा धूर, डोळ्यांत न जाणारा. मग तडतड थांबल्यावर पिंपातून येते ती ऊब. मग कडू, मग थोडं आंबट, अगदी थोडं, आणि मग थांबलं की गोड. "त्या दिवशी झाकण उघडताना तुमची भुवई जळली होती बघा. त्या धुराच्या मागून जे आलं ना, ते हे आहे. तेच आहे."

काकांचा हात आपोआप डाव्या भुवईकडे गेला. त्यांनी डोळे मिटले आणि आणखी एक घोट घेतला.

"पुन्हा सांग," ते म्हणाले.

मावशींनी पुन्हा सांगितलं. "मी शाळेतून आले की तुमच्या सदऱ्याला असायचा तो वास?" भाचीने मध्येच विचारलं, आणि मावशी म्हणाल्या, "हो, तोच. फक्त इतका पुढे नेलेला नसायचा." बरणीला टेकवलेला फोन केव्हाच घसरून आडवा झाला होता. त्यात पुढे ऐकायला मिळाला तो सगळा मावशींचा आवाज आणि टेबलावरच्या पंख्याची घरघर. उरलेली बाटली कोणी संपवली हे विचारू नये. ग्लास मात्र काकांनी स्वतः उठून धुतले. लग्नानंतर हे कितव्यांदा, ते मावशींनाही आठवेना.

कार्ड छापून आलं. चार ओळी मागितल्या होत्या, मावशींनी दोनच दिल्या: "करपट नाही, खरपूस आहे. घोट गिळून जरा थांबा." भाचीच्या साहेबांना ते एवढं आवडलं की चामडं कायमचं हद्दपार झालं.

त्यातलं एक कार्ड खिशात घालून काका इस्त्रीवाल्याच्या टेबलापाशी आले तेव्हा गल्लीतल्या बातमीची शेपटी अजून वळवळत होती. काकांनी ती धरली आणि सगळी हकीकत पिंपापासून बाटलीपर्यंत सांगितली. इस्त्रीवाल्याची इस्त्री हवेतच राहिली. शिवणवहिनी लगेच म्हणाल्या, "मी तर पहिल्यापासून सांगत होते, मावशी तशातल्या नाहीत." इस्त्रीवाला नुसता त्यांच्याकडे बघत राहिला.

एवढ्यात मावशी भाजीची पिशवी घेऊन समोरून आल्या. काकांना राहवलं नाही. त्यांनी कार्ड उंच धरलं.

"तर मंडळी, हॉटेलवाल्याच्या वेळी मी बरोबर होतो. हिनेच सांगितलंय." मग मावशींकडे वळून म्हणाले, "होतो की नाही? सांग यांना."

मावशींनी पिशवी खाली ठेवली. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. या वेळी त्यांनी पाठ फिरवली नाही.

"होतात," त्या म्हणाल्या. "पण सांगायचं काम माझं होतं."